एकशे चाळीसच्या आत

शुक्रवारी सकाळी ठीक सहा वाजता पुलाच्या खांबावर रंगवलेल्या मोजपट्टीवर नदीचं पाणी १३८ सेंटिमीटर होतं. घड्याळजींनी आकडा वहीत उतरवला, दुकान उघडलं आणि उद्याच्या सफरीचं सामान काढायला घेतलं. गेली बारा वर्षं ते रोज सहाच्या ठोक्याला पाणी बघत आले होते. मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही.

सफर दर वर्षीचीच. तीन माणसं (घड्याळजी, त्यांची भाची आणि पाववाला), तीन कयाक आणि नदीचा नऊ किलोमीटरचा खळाळता टप्पा. प्रश्न एवढाच होता, की यंदा घड्याळजींच्या हातात वल्हं येणार की गाडीचं स्टिअरिंग. गेल्या वर्षी त्याच टप्प्यातल्या घळीत त्यांची कयाक उलटली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून एक वाक्य घरात मुक्कामालाच आलं होतं: यंदा तुम्ही गाडी घेऊन खाली थांबा. बायको ते रागावून म्हणत नसे, ताटात भाजी वाढता वाढता म्हणे. म्हणून ते जास्त लागायचं. मनगट आता ठणठणीत होतं, बारीकातला बारीक स्क्रू एका दमात बसत होता. पण वय झालं असावं, अशी शंका त्यांनाही आतून कुरतडत होती.

संध्याकाळी पाचला दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक बसली. पाववाला आला तो पिठाच्या हातांनीच, आणि भाची इस्पितळातून, नर्सच्या कपड्यांत. कॅप्टनला यंदा काठावर वाळत घालायचं का, अशी पाववाल्याने घड्याळजींकडे बघत सुरुवात केली. भाचीने फोन टेबलावर ठेवला. तिच्या पाळ्या बदलत्या, आणि ये-जा त्याच पुलावरून. दोन महिने ती वेळी-अवेळी मोजपट्टीचे फोटो काढत होती. कालचेच आकडे बघा म्हणाली: सकाळी सहाला १३९, दुपारी दोनला १५५, तीनला १६६.

"मामा, तुझ्या वहीत नदी कायम सकाळी सहालाच असते," ती म्हणाली. "आपण घळीत पोचतो दुपारी तीनला. डोंगरावरचं बर्फ वितळून पाणी येतं ते नेमकं तेव्हा."

घड्याळजींनी गेल्या वर्षीचं पान काढलं. १४१, सकाळी सहा. पाण्यात उतरायची ठरलेली मर्यादा होती १५०. म्हणजे चूक मनगटाची नव्हती, वयाचीही नव्हती. जन्मभर लोकांची घड्याळं लावणाऱ्या माणसाला दिवसाचे उरलेले तेवीस तास दिसलेच नव्हते. त्यांना हसू आलं, बऱ्याच महिन्यांनी मोकळं.

"बारा वर्षं आपण नशिबावर वल्हवत होतो तर," पाववाला म्हणाला. "बरं झालं, माहीत नव्हतं."

मग बेत बदलला. पहाटे साडेपाचला पाण्यात उतरायचं, सातच्या आत घळ पार करायची. पाणी जास्त असलं तर ते उतरायची वाट फार तर सहापर्यंत बघायची, त्यानंतर घरी. पाववाल्याची भट्टी तशीही पहाटे तीनला पेटते. त्याची झोपेबद्दल तक्रार नव्हती.

राहिल्या चिठ्ठ्या. कितीच्या वर पाणी असलं तर आपण उतरणार नाही, तो आकडा प्रत्येकाने लिहायचा आणि चिठ्ठी घड्याळाच्या रिकाम्या डबीत टाकायची. सगळ्यांत लहान आकडा तो सगळ्यांचा. तो कुणाचा, हे विचारायचं नाही. रीत घड्याळजींनीच घातलेली.

कप उचलायला आलेली मामी, घड्याळजींची बायको, थांबली.

"मलाही एक कागद द्या," ती म्हणाली. "काठावर वाट बघत बसणारी मीच ना? गाडी मी नेते."

घड्याळजींनी आपली पेन्सिल तिच्यापुढे केली.

डबीतून निघालं १५०, १५०, १४५ आणि १४०. पाववाला छताकडे बघत राहिला. १४० मधलं बायकोचं चपटं शून्य घड्याळजींना तीस वर्षांच्या ओळखीचं होतं, पण रीत म्हणजे रीत. त्यांनी वहीत १४० लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

शनिवारी पहाटे पाचला तिन्ही कयाक गाडीच्या टपावर आवळलेल्या होत्या. मामी स्टिअरिंगवर, इंजिन बंद. भाची टॉर्च घेऊन पुलाच्या कठड्यावर वाकली आणि म्हणाली, १४२, उतरतंय. घड्याळजी लाइफ जॅकेटचे बंद बांधून उभे होते. मनगटावरचं घड्याळ त्यांनी मुद्दाम घरी ठेवलं होतं. पाववाल्याने गरम पावाची पिशवी फिरवली. सगळ्यांनी खाल्लं.

पाच वाजून वीस मिनिटांनी पाणी १४१ वर होतं.