कोरडं मशीन

"हात चालव बाई, चादरी खोळंबल्यात," लॉन्ड्रीचा मालक म्हणाला, तेव्हा मिस्त्रिणीने मशीनचं मागचं झाकण उघडलं होतं.

मिस्त्रीण हे नाव वहिनीने दिलेलं, तेही टोमणा म्हणून. वस्तीतल्या गरजू बायकांसाठी काढलेल्या प्रशिक्षण केंद्रात ती वॉशिंग मशीन दुरुस्ती शिकली, पहिली आली आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून तिथेच मदतनीस राहिली. काम एकच. रोज संध्याकाळी केंद्रातल्या मशीनमध्ये बिघाड करून ठेवायचा, म्हणजे सकाळी बायकांना तो शोधता येई. कधी पट्टा उतरवायचा, कधी पंपाची वायर सैल करायची, कधी पाण्याची पातळी जोखणारी नळी काढायची. मशीनपर्यंत नळ मात्र कधी आलाच नाही. आतला ढोल कोरडाच फिरायचा. शिकलेल्या बायका गेल्या, नव्या आल्या. मिस्त्रीण तिथेच, बिघडवत.

"आमच्याकडे शाळा सुटतच नाही," वहिनी म्हणायची, भावाला बरोबर ऐकू जाईल इतक्या हळू.

आज या लॉन्ड्रीत जमलं, तर नोकरीचा पगार होता आणि मागे राहायला एक खोली, भावाच्या घराबाहेर.

मशीन आतलं पाणी बाहेर सोडत नव्हतं. तिने पट्टा पाहिला, जागेवर. वायरी ओढल्या, घट्ट. नळी शाबूत. पुन्हा पट्टा. कुणीतरी काहीतरी सैल करून ठेवलेलं असणारच, या खात्रीने तिची बोटं हिंडत राहिली.

"पंप गेलाय," शेवटी ती म्हणाली. "नवा लागेल."

चादरींच्या घड्या घालणारी म्हातारी उठून आली. "जाळी बघितलीस का गं?"

पंपाआधी कचरा अडवणारी जाळी पुस्तकातल्या आकृतीत होती. मिस्त्रिणीला तिचा क्रमांकही आठवला.

म्हातारीने जाळीचं खालचं गोल झाकण फिरवलं. भसकन काळं पाणी आलं, मागोमाग धाग्यांचा लगदा, दोन बटणं आणि लहान मुलाचा एक मोजा. झाकण लावून बटण दाबताच मशीन घरघरलं आणि उरलेलं पाणी वाहून गेलं.

"आमच्या शिकवायच्या मशीनमध्ये कपडे घालत नाहीत," मिस्त्रीण पुटपुटली.

"मग काय, वारा धुता?" म्हातारी खदखदली.

मालक हसला नाही. "पंप म्हणे! मला खड्ड्यातच घातलं असतंस. ये आता."

म्हातारीने मोजा तिच्या हातात कोंबला. "घे. शिकव तुझ्या पोरींना."

संध्याकाळी केंद्रात तिने जाळी उघडली आणि मोजा आत नीट दडपला. तेवढ्यात केंद्राचे सर आले.

"हे काय?"

"बिघाड, सर. खरा."

"परीक्षेत हा नसतो. काढ तो, मशीन घाण होईल. आणि तिकडचं काय झालं?"

"नाही जमलं."

"बरं झालं," सर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे... उद्या नवी बॅच आहे ना. तुझ्याशिवाय कोण करणार?"

तिने मोजा काढला. सवयीने नळी काढली, झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले. मग हात धुवायच्या नळाखाली मोजा साबण लावून चोळला, पिळला आणि मशीनच्या उघड्या दारावर वाळत घातला.

दिवा मालवून ती निघाली, तेव्हा मोजा अजून ठिबकत होता. त्या मशीनला पाणी लागलं ते तेवढंच.