नववा कप्पा

"चौदाशे अकरा जुळल्या, काका," नवी म्हणाली आणि खुर्चीतच गर्रकन फिरली. "फक्त एक नाही जुळली."

टीपकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या पायाशी बॅग होती, सकाळीच भरून आणलेली. चारची बस होती आणि तिकीट खिशात होतं. ते तिथेच आहे ना, हे सकाळपासून त्यांनी सहा वेळा चाचपून पाहिलं होतं.

"एकच ना?" दारातून साहेब म्हणाले. "मग झालंच की! चौदाशे बारांत एक म्हणजे दातात अडकलेलं तूस."

दातात अडकलेलं तूस माणसाला रात्रभर झोपू देत नाही, हे टीपकाका बोलले नाहीत. न जुळलेली टीप कोणती, हेही त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना पडद्याकडे न बघताच कळलं होतं.

आपण काय काम करतो हे नातेवाइकांना समजावून सांगण्याचे टीपकाकांचे सगळे प्रयत्न एकोणीस वर्षांत फसले होते. सासरे तर शेवटपर्यंत "जावई लिफ्ट दुरुस्त करतात" असंच सांगत राहिले, आणि खरं म्हणजे सगळ्यांत जवळ तेच पोचले होते.

काम असं होतं. लिफ्ट चालवणाऱ्या चिपच्या पोटात सोळा कप्पे असतात. कारखान्यात त्यांना रजिस्टर म्हणत, टीपकाका कप्पेच म्हणत. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा बारीक हुकमांत उतरवून देणारा आणखी एक प्रोग्रॅम असतो, तो कंपायलर. कंपायलर अतिशय हुशार, पण स्वभावाने भोळा. कागदावर असेल तेवढंच खरं धरतो. म्हणून प्रत्येक हुकमापुढे कोणीतरी टीप लिहावी लागते: हा हुकूम कोणत्या कप्प्यातून घेतो, कोणत्यात ठेवतो, कोणता कप्पा यापुढे मोकळा समजावा, कोणता राखीव आहे म्हणून त्यात काहीही टाकू नये. आणि मुख्य म्हणजे, कोणता कप्पा हा हुकूम न सांगतासवरता नासवून जातो. गुणाकार करायला सांगितला की गुणाकार होतो, पण जाताजाता दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्यातलं सामान नासतं. हुकमात त्याचा अवाक्षरानेही उल्लेख नसतो. टीपकाका संसारी होते, त्यामुळे कामाचा हा भाग त्यांना पहिल्याच दिवशी समजला. बायको "काही नाही झालं" म्हणाली की घरातलं काय काय नासलंय ते मनातल्या मनात मोजायची त्यांना सवयच होती.

अशा चौदाशे बारा टिपांचा एक तक्ता होता, आणि तक्त्याला एक धारक लागे. सुरक्षा खात्याचा नियमच तसा: हाताने केलेला तक्ता असेल तर त्यावर एका माणसाची सही हवी, आणि तो माणूस याच विभागात, याच टेबलाशी हवा. दुसऱ्याने सही केल्याशिवाय पहिल्याने हलायचं नाही, राजीनामा देऊनसुद्धा नाही. एकोणीस वर्षांपूर्वी टीपकाका इथे आले तेव्हा जुन्या धारकाने त्यांना प्रेमाने कॉफी पाजली, स्वतःचं पेन दिलं आणि म्हणाला, "इथे एक सही करा, नुसता उपचार आहे." शाई वाळायच्या आत तो गेला. इतक्या घाईत गेला की छत्री विसरला. ती न्यायला तो कधीच आला नाही. छत्री अजून खुंटीला होती.

त्यानंतर विभागात जो जो येई, त्याला कोणी ना कोणी जिन्यातच गाठून सांगे, "कॉफी पी, पण सही करू नकोस."

सहा वर्षांपूर्वी काकूंना समुद्रकाठच्या एका लहान गावातल्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळाली. "तू हो पुढे, सहा महिन्यांत आलोच," असं टीपकाका म्हणाले होते. तिथल्या शाळेत गणित शिकवायची नोकरीही त्यांना दोनदा मिळाली आणि दोनदा गेली. शनिवारी जायचं, रविवारी परतायचं, असं सहा वर्षं चाललं. त्या घराच्या ओसरीत दोन खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीचा वेत अजून नव्यासारखा करकरत होता.

मग आठ महिन्यांपूर्वी नवी आली. तिच्यानंतर कोणी आलंच नाही, म्हणून ती अजून नवीच होती. तिने चिपचं अधिकृत पुस्तक वाचून सगळ्या टिपा आपोआप काढणारं यंत्र रचलं. साहेबांनी शब्द दिला, की यंत्राच्या आणि काकांच्या टिपा शंभर टक्के जुळल्या तर तक्ता यंत्राचा, आणि यंत्राच्या तक्त्याला धारक लागत नाही. त्याच दिवशी सुटका.

"गुणाकाराची आहे," नवी म्हणाली. "पुस्तक म्हणतं दुसरा आणि तिसरा कप्पा नासतो. तुम्ही नववाही लिहिलाय. चुकून पडला असेल ना?"

"चुकून नाही."

"पण पुस्तकात—"

"पुस्तक थंड खोलीत बसून लिहिलंय. चिप तापली की नववाही नासतो. नेहमी नाही, कधीतरी." टीपकाकांनी चष्मा खाली घेतला. "आणि नवव्यात लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे तो आकडा असतो."

"कसं कळलं तुम्हाला?"

"एका इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली आणि चौथ्यावरचं बाहेरचं दार उघडलं. चौथ्यावर एक बाई उभ्या होत्या, कडेवर मूल. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मुलाने बूट भिरकावला. बाई थबकल्या. बूट खाली पडल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला म्हणे." ते थांबले. "मग मी चाळीस दिवस चिप तापवत बसलो होतो. हेअर ड्रायरने. बायकोचा होता, तोही जळला."

नवी हसली नाही.

"अहो, पण चिप बनायची बंद होऊन अकरा वर्षं झाली," साहेब म्हणाले.

"लिफ्ट बंद नाही झाल्या, साहेब. अडीच हजार चालू आहेत. दरवर्षी आपणच प्रोग्रॅम सुधारून पाठवतो."

साहेबांनी त्यांना आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर एवढा गोड बोलला नसता.

"हे बघा, टीपकाका. एक जरी टीप हाताची राहिली, तरी नियमाने अख्खा तक्ता हाताचा. म्हणजे धारक आला. म्हणजे तुम्ही आलात. पाच वर्षं राहिलीत ना निवृत्तीला?"

"पाच आणि दोन महिने."

"तेच म्हणतो मी. तो नऊचा आकडा तुम्हीच लिहिलाय ना? मग तुम्हीच खोडा. एक आकडा! यंत्र जुळलं, तुम्ही मोकळे, पोरीला बढती, मलाही जरा बरं. पुस्तकात नाही ते आपण कशाला म्हणायचं? उद्या काही झालंच, तर पुस्तक लिहिणाऱ्यांनी बघावं."

टीपकाकांनी खरोखर विचार केला. पुरता मिनिटभर. बस डोळ्यांसमोर आली, खिडकीजवळची जागा आली, ओसरी आली. मग कुठूनसा तो बूट आला, आणि अजून खाली पडायचाच होता.

"नाही जमायचं," ते म्हणाले.

"मग मी काय करू सांगा! दुसरा कोणी सही करत असेल, तर आत्ता सोडतो तुम्हाला. आहे कोणी?"

दार किलकिलं झालं. बाहेर नवी उभी होती. ऐकत होती, आणि ते लपवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"मी करते की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? काका, तुम्ही गाठा तुमची बस. काकू वाट बघत असतील."

साहेबांनी इतक्या चपळाईने खण उघडून फॉर्म काढला, की तो वरच ठेवलेला असावा. "शाब्बास! नुसता उपचार आहे गं." ते शिपायाला हाक मारून म्हणाले, "जरा कॉफी आणा रे, तीन."

कॉफी हा शब्द ऐकून टीपकाकांनी उघड्या दारातून आपल्या टेबलाजवळच्या खुंटीकडे पाहिलं.

ही पोर सव्वीस वर्षांची. जिन्यात तिला कोणी गाठलं नव्हतं. गाठणारे सगळे बदल्या घेऊन गेले होते, आणि आपण स्वतः? आठ महिने शेजारी बसून आपण तरी कुठे सांगितलं? रोज सांगणार होतो. रोज वाटायचं, यंत्र जुळलं तर सांगायची वेळच येणार नाही. दुपारच्या सुट्टीत ती कागदावर नौकांची चित्रं काढायची. पुढच्या वर्षी नौका बांधायचं शिकायला जाणार, असं तिने पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं होतं. पेन तिने उघडलं होतं. पेनही त्यांचंच.

"आण इकडे," टीपकाका म्हणाले.

"अहो काका, खरंच—"

"नौकेला गुणाकार लागतो का गं?"

"लागतो ना. खूप."

"मग तिकडे कर. पेन आण."

फॉर्मवर धारक म्हणून अजून त्यांचंच नाव होतं, आज सुटका होणार म्हणून मुदत तेवढी आजपर्यंतची लिहिली होती. त्यांनी खाली 'निवृत्तीपर्यंत' असं लिहिलं आणि सही केली. साहेब छताकडे पाहत होते. कॉफी आली. ती तिघांनीही प्यायली नाही.

टेबलाशी परत आल्यावर त्यांनी बॅग उचलून खुंटीखाली ठेवली, छत्रीच्या शेजारी. मग फोन लावला.

"बसलात का बसमध्ये?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"उशीर आहे का तिला?"

"बस वेळेवर आहे."

मग काकू म्हणाल्या, "गुणाकार?"

"गुणाकारच."

"माझा हेअर ड्रायर गेला तो गेला, वर नवराही गेला त्यात. किती वर्षं?"

"पाच. आणि दोन महिने."

"ते दोन महिने तरी सोडायचे होते त्यांनी." त्या हसल्यासारखं काहीतरी करत होत्या. "दुसरं कोणी तयार नव्हतं सही करायला?"

"होती एक. मी पेन काढून घेतलं."

"हं. तुम्ही काढून घेतलंत, ते बरं केलंत. पण मला आज बरं म्हणवत नाहीये, एवढंच. उद्या म्हणेन."

"चालेल."

"मी सकाळी कपाटातला मधला सरकता कप्पा तुमच्यासाठी रिकामा केला होता. नवीन कागदसुद्धा घातला होता खाली. अजून उघडाच आहे."

"मग भर की त्यात काहीतरी. चादरी-बिदरी."

"चादरींना आहे जागा," काकू म्हणाल्या. "शनिवारी या."

फोन ठेवण्याआधी काकूंनी तो कप्पा आत सरकवला. आत काहीच नव्हतं, त्यामुळे आवाज जरा मोठा आला.