व्हर्नेल फक्त माझी होती

मी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका लाकडी चर्चचा जुना पियानो. चार पट्ट्या आता मुक्या झाल्या आहेत. स्वभाव मात्र पहिल्यापासूनच वाईट. मित्रांनो, मी फार जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शिकागोच्या कारखान्यातून मी आगगाडीने इथे आलो, तेव्हा चर्चमधल्या साऱ्या बायकांनी मला कौतुकाने हात लावून पाहिला. पुष्कळ वर्षे मी उपासनेच्या गीतांना साथ केली. मग नऊ वर्षांची व्हर्नेल माझ्यासमोर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण बोटे अशी चालली की मी हरखून गेलो. ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत पास्टरांचे प्रवचन कधी संपते आणि ती कधी वाजवते, याचीच लोक वाट पाहू लागले.

आणि तिला बील स्ट्रीटवरच्या क्लबात काम मिळाले. दर शनिवारी, लोकांना नाचवणारे रिदम अँड ब्लूज संगीत! तिथल्या पियानोबद्दल ती मैत्रिणीला म्हणाली, "मेला नुसता खोकतो गं! पण काय मजा येते त्याच्यावर!"

माझ्यावर मजा येते असे ती कधीच म्हणाली नव्हती. माझा जळफळाट झाला.

आमच्या चर्चला क्लबातले संगीत म्हणजे पाप वाटे; तिथे वाजवणारा सापडला की त्याला चर्चमध्ये वाजवू देत नसत, मागच्या बाकावर बसवत. म्हणून व्हर्नेलने हे लपवले होते.

एका रविवारी गीत ऐन रंगात असताना तिचा डावा हात चुकला आणि क्लबातली डुलती चाल वाजू लागली. तिने आवाज मंद करायला चटकन पायपट्टी दाबली. मी ती मुद्दाम अडकवून धरली, खाली जाऊच दिली नाही. ती सापडेल, घाबरेल, क्लब सोडेल आणि पुन्हा फक्त माझी होईल, असे मला वाटले.

सूर खणखणीत निघाले. लोक उठून टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या, म्हाताऱ्या मदर टॉलिव्हर ओरडल्या, "थांबा! ही तर त्या क्लबातली चाल!"

"तुम्हाला कशी हो ठाऊक, मदर?" चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन ग्रिग्जनी विचारले.

"जाता-येता कानावर पडते! आणि तुम्ही पाय का आपटत होता, ते सांगा आधी!"

हशा पिकला. पण नियम तो नियम. पास्टर म्हणाले, "पोरी, मागे जाऊन बस. क्लब सोडलास की ये परत."

"बसते, पास्टर," व्हर्नेल उठत म्हणाली. "पण क्लब नाही सोडायची मी."

तीन रविवार ती मागे बसली. डीकनची पुतणी मला टाइपरायटरसारखी बडवत होती. चौथ्या रविवारी बाक रिकामा होता. व्हर्नेल बँडबरोबर सेंट लुईसला निघून गेली होती. आता चर्चच्या स्वयंपाकघरात मासे तळताना बायका रेडिओवर तिची पहिली रेकॉर्ड ऐकतात. त्या रेकॉर्डमध्ये कुठला तरी तिसराच पियानो वाजतो. त्याच्यावरही मी जळतो.

मित्रांनो, जुन्या वाद्याच्या तारा वेळच्या वेळी जुळवून घ्या, त्याला ओलीपासून जपा. पण आवडत्या माणसाला मुठीत धरू नका. मी धरायला गेलो. त्या तीन रविवारी, गीत सुरू झाले की मागच्या बाकावर व्हर्नेल डोळे मिटून आपल्याच गुडघ्यांवर बोटे चालवत असे, आणि मला त्या गुडघ्यांचा हेवा वाटे.