डाव्या सीटचं वजन

हिवाळ्यातल्या रविवारी कोवळं ऊन आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पार्किंगच्या खांबांपर्यंत येऊन पोचायचं, आणि त्याच सुमारास खालून पान्याचा आवाज सुरू व्हायचा. आधी कटकट, मग एक लांबलेली कुरकुर, मग क्षणभर नि:शब्दता, आणि त्या नि:शब्दतेत वसुधाचा अगदी हलका, स्वतःशीच दिलेला हुंकार. गॅलरीत चहाचा कप धरून मी तो ऐकत असे. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एखाद्या वाक्याला माझ्या बायकोनं इतक्या तृप्तीनं ‘हं’ म्हटल्याचं मला स्मरत नाही. ते भाग्य एका गंजक्या नटाचं होतं. मला त्या नटाचा हेवा वाटायचा, हे लिहिताना आज हसू येतं. तेव्हा येत नसे.

वसुधा जाऊन आता वर्ष उलटून गेलं. तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंत एक जुनी रुपेरी मोटार आहे, जिच्यावर माझा कधी जीव जडला नाही, आणि जिच्यावर तिचा जडला होता हे मला कधी सहन झालं नाही.

त्या मोटारीखाली उताणी झोपलेली वसुधा हेच माझ्या मनातलं तिचं खरं चित्र. लग्नाच्या अल्बममधली शालू नेसलेली मुलगी मला परकी वाटते. अंगात माझाच विटलेला सदरा, चष्मा कपाळावर चढवलेला, पाठीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा. बाहेरून दिसायची ती फक्त पावलं, आणि जोडव्यांवर थबकलेलं ऊन. काम आटोपून वर आली की डाळीचं पीठ आणि लिंबाची फोड घेऊन ती बेसिनपाशी बराच वेळ हात चोळत उभी राही, तरी नखांच्या कडेला एक काळी रेघ उरायचीच. त्याच हातांनी ती पोळ्या लाटी. त्या पोळ्यांना कधीही ग्रीसचा वास आला नाही. मी मात्र तो प्रत्येक घासात शोधत राही.

आणि युसुफ होता. इंजिनिअरिंग कॉलेजातला तिचा वर्गमित्र. नोकरी सोडून वडिलांचं बिबवेवाडीचं गॅरेज चालवणारा, तोंडानं मोठा फटकळ. फोनवर ती दोघं बोलू लागली की मी, जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलेला माणूस, माझ्याच दिवाणखान्यात अडाणी होऊन वर्तमानपत्राची घडी उलगडत आणि मिटत बसे. तो तिला ‘वसू’ म्हणे. ते तिच्या माहेरचं नाव. माझ्या जिभेवर ते कधी रुळलं नाही. मला तो ‘दाजी’ म्हणे, बहिणीच्या नवऱ्याला म्हणावं तितक्या निर्मळपणे, पण जळणाऱ्या माणसाला समोरच्याचा निर्मळपणाही खुपतो. संशय मला नव्हता, तेवढा मी हलका नाही. माझं दुखणं निराळं होतं. तिचा आनंद ज्या ठिकाणी राहत होता, तिथे मला बसायला जागाच नव्हती.

एका वर्षी तिनं स्प्रिंगा बदलून मोटार थोडी खाली बसवली, आणि चाकं वरच्या बाजूनं आत कलली. समोरून पाहिलं तर मोटार पाय फाकवून उभी राहिल्यासारखी दिसे. टायर आतल्या कडेनं झिजू लागले. चाकाच्या या कलण्याला ती कॅम्बर म्हणे. मूळच्या आर्मची, म्हणजे चाकाला वरून धरून ठेवणाऱ्या दांडीची, लांबी बदलता येत नाही, म्हणून तिनं पीळ फिरवून लांब-आखूड करता येणारे नवे आर्म मागवले. त्यांचं पार्सल उघडताना तिचा चेहरा मी पाहिला. दिवाळीत मी आणलेल्या पैठणीची घडी उलगडताना तो तसा उजळला नव्हता.

आर्म तिनं आमच्या पार्किंगमध्येच बसवले, सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘हे गॅरेज नाही’ अशी पाटी समोर लावलेली असताना. पण सगळे नट तिनं सैलच ठेवले.

‘आवळून टाक की एकदाचे,’ मी गॅलरीतून म्हणालो.

‘मोटार चाकांवर उभी राहिल्याशिवाय नाही. हवेत आवळलं तर सांध्यातलं रबर कायमचं पिळलेलं राहतं.’

त्याच आठवड्यात जेवताना तिनं अचानक विचारलं, ‘तुझं वजन किती रे सध्या?’

‘का? पोट दिसायला लागलं का?’

‘सांग ना.’

‘नाही सांगत.’ मी ताक पिऊन उठलो.

रविवारी चाकांचा कल नीट लावून घ्यायला ती युसुफच्या गॅरेजकडे निघाली तेव्हा दारात थांबून म्हणाली, ‘आज तूही चल. तू हवा आहेस.’

‘तुम्हा दोघांत मी काय करू? टाळ्या वाजवू?’

तिनं किल्ली बोटाभोवती एकदा फिरवली आणि जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी ती मला सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या पुढे घेऊन गेली. दोन्हीकडे उसाची हिरवी भिंत, वर धुतल्यासारखं आभाळ, आणि समोर मोकळा, सरळ रस्ता. ‘बघ हं,’ म्हणाली, आणि तिनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात अलगद उचलले. ‘हात ठेव आधी!’ मी ओरडलो. पण मोटार इकडची तिकडे झाली नाही. वसुधा हसत होती, आणि हसता हसता माझ्याकडे अशी पाहत होती, जणू आता मी काहीतरी म्हणणार आहे. मी म्हणालो, ‘युसुफनं काम झकास केलंय.’ तिनं हात परत स्टिअरिंगवर ठेवले, आणि घरी येईपर्यंत आम्ही रेडिओ ऐकला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती आजारी पडली आणि पावसाळा संपायच्या आत गेली.

लायसन्स माझ्यापाशी होतं, सवय नव्हती; मोटार नेहमी तीच चालवी. बॅटरी उतरू नये एवढ्याच निमित्तानं मी तिच्या जागेवर बसू लागलो, आणि हात थोडा बसल्यावर या हिवाळ्यात एका सकाळी पुन्हा लोणी काळभोरच्या त्या सरळ रस्त्यावर गेलो. पकड सैल केली. मोटार हळूहळू डावीकडे सरकू लागली. पुन्हा सरळ केली, पुन्हा सैल सोडली, पुन्हा डावीकडे. खरं सांगतो, एवढ्या दुःखातही मला आतून आनंदाची उकळी फुटली. म्हणजे युसुफचंही चुकतं तर! तसाच थेट बिबवेवाडीला गेलो.

‘युसुफभाई, मोटार डावीकडे ओढते. तुम्ही लावलेल्या चाकांच्या कलात गडबड आहे.’

युसुफनं एक चक्कर मारली, परत येऊन इंजिन बंद केलं, आणि स्टिअरिंगमागूनच म्हणाला,

‘मी नाही लावला, दाजी. वसूनं लावलाय. मला तिनं पान्याला हात लावू दिला नाही.’

‘मग तिचं चुकलं?’

‘तिचं कशाला चुकेल? माणसं बसली की मोटार दबते, चाकांचा कल बदलतो. मी म्हटलं, चालवणारीचं वजन धर, बास झालं. ऐकते कसली! म्हणाली, मी एकटी कधी जाते? तुम्हालाच आणून डाव्या सीटवर बसवणार होती. आपण काही आला नाहीत.’

‘मग?’

‘मग काय, तांदळाचं पोतं ठेवलं तिथे. वर माझ्याकडची जुनी बॅटरी. पोत्याला पट्टासुद्धा बांधला. स्वतः उजवीकडे बसली, मला खाली वाकून चाक बघायला लावलं, आणि म्हणाली, अजून थोडं ठेव, हल्ली पोट सुटलंय त्याचं.’ तो खाली उतरला. हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘आता डावीकडे कोणी नसतं, ती बाजू वर उचलते, चाक बाहेर कलतं, म्हणून तिकडे ओढते. एकट्यापुरती लावून देऊ का?’

‘नको,’ मी म्हणालो.

परतताना दुपारचं ऊन त्या डाव्या सीटवर पसरलं होतं. नटाचा, पार्सलचा, युसुफचा, ज्याचा त्याचा हेवा करत मी जिथे बसून होतो, ती जागा तिनं अंदाजानं का होईना, वजन करून धरली होती. आता तिच्या जागेवर मी आहे, आणि रस्ता रिकामा दिसला की हात सैल सोडतो. मोटार हलकेच त्या रिकाम्या सीटच्या बाजूला वळू लागते. तिथे तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत बसणारा एक माणूस होता. काळानं वसुधाबरोबर त्यालाही नेलं, आणि जन्मभर ज्यांचा हेवा केला ते सगळे विसरून आता मी फक्त त्याच्यावर जळतो.