तोरस्करांचं गटांतर

मंगळवारी सकाळी वर्गीकरण कचेरीने दत्तप्रसाद तोरस्करांना वनस्पतींमधून काढून प्राण्यांत घातलं. अकरा वर्षं ते गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत उभे होते. शिपायाने आदेश वाचून दाखवला, तसे ते कुंडीतून उतरले, पायांची माती गोणपाटाला पुसली आणि आत येऊन म्हणाले, "शरयू, चहा टाक."

त्यांच्या बायकोने, शरयूबाईंनी, चहा टाकला खरा, पण त्यांचं मन काही थाऱ्यावर येईना. अकरा वर्षं त्यांनी नवऱ्याला रोज दोन तांबे पाणी घातलं होतं. पानांवरची धूळ पुसली होती. "आमचे हे यंदाही फुलले नाहीत," असं शेजारणींना सांगितलं होतं. तेवढ्या काळात हा माणूस एका शब्दाने बोलला नव्हता. आणि आता त्याने साखरेचा डबा न विचारता काढून दिला. डब्याची जागा तर त्यांनी गेल्याच वर्षी बदलली होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकीतून दिसायचं."

"आणखी काय दिसायचं?"

त्यांनी बशीत चहा ओतून फुंकला. "सगळंच."

दुपारी ते आडवे झाल्यावर शरयूबाईंनी कुंडी उकरली. मुळं नव्हती. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही होती. अक्षर नवऱ्याचंच. पानापानावर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एकच ओळ: 'आजही जेवताना दिसली नाही.'

त्या तिथेच बसून राहिल्या. आपण शेवटचं कधी जेवलो, ते त्यांना आठवेना.

गुरुवारी दुपारी कचेरीतून चेंदवणकरबाई आल्या. खुर्चीवर बसल्या, मांडीवर तक्ता पसरला.

"स्वतःचं अन्न उन्हात तयार करता?"

"नाही हो."

"मग पोटात घेऊन पचवता, की बाहेरच विरघळवून शोषून घेता?"

"हा काय प्रश्न झाला? मी माणूस आहे."

"ते फार पुढचं, वहिनी. आधी मोठा गट ठरतो. मोठे गट पाचच. त्यातले पहिले दोन सूक्ष्मजीवांचे, ते तुम्हाला लहान पडतील. वनस्पती तुम्ही नाही. राहिले प्राणी आणि कवकं."

"कवकं म्हणजे बुरशी?"

"बुरशी, अळंबी, सगळी आली त्यात. त्यांना जिन्याखालची खोली मिळते. ओलसर आहे. मानवेल."

"माझं नाव कुणी कळवलं तुम्हाला?"

चेंदवणकरबाईंनी मान वळवली. त्या स्वयंपाकघराकडे बघत होत्या. दत्तप्रसाद तिथून ताट घेऊन आले. ताटात गरम भाताची मूद होती, वर वरण, तूप.

"अगं, एक घास खाऊन दाखव, म्हणजे प्रश्नच मिटला," ते अगदी मायेने म्हणाले.

ही माया आहे की सापळा, ते शरयूबाईंना ओळखता येईना. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. अकरा वर्षं पुसलेला चेहरा, पण त्यावरचं काहीच वाचता येत नव्हतं. त्यांनी भातात बोटं घातली. भात उबदार होता. बोटांना इतकं बरं वाटलं की हात उचलवेना.

"घ्या ना," चेंदवणकरबाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं.

शरयूबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. बोटं भातातच होती. मूद एका बाजूने खचली, मग दुसऱ्या बाजूने. ताटाचा तळ दिसू लागला.

दत्तप्रसाद पातेलं घेऊन पुढे वाकले.

"वाढू आणखी?"