हो, मॅडम

टेपमधून आवाज आला, "हो, मॅडम." थोड्या वेळाने पुन्हा, "हो, मॅडम."

आवाज वेल्डन हृश्काचा स्वतःचाच होता. न्यू जर्सीतल्या नवव्या मजल्यावरची बंद खोली, काचेचं टेबल, प्लॅस्टिकची झाडं. समोर बांधकाम कंपनीचा वकील तोंडात पेपरमिंट घोळवत बसलेला. असल्या ठिकाणी टेक्सासच्या भिंतीचा न्याय होणार होता.

"पाच वेळा म्हणालात," वकील म्हणाला. "पाचव्या वेळी आमच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर विचारलं होतं, सुनावणी इथे घेतली तर चालेल ना?"

"अहो, 'हो मॅडम' म्हणजे ऐकतोय, बोला!" वेल्डन म्हणाला. "आमच्याकडे गाडी अडवणाऱ्या पोलीसबाईलाही आम्ही तेच म्हणतो. म्हणून काय गुन्हा कबूल होतो?"

लवाद म्हणून बसलेल्या गृहस्थांनी चष्मा पुसला. "टेपवर आहे तेवढंच मला ऐकू येतं, मिस्टर हृश्का."

एक्केचाळीस वर्षं वेल्डनने टेक्सासातल्या ॲमरिलो गावाच्या आसपास विटा रचल्या होत्या. शाळेच्या ग्रंथालयाची पश्चिमेची भिंत त्यानेच बांधली. दुसऱ्याच वर्षी तिला भेग पडली. पाया कंपनीने घातला होता, पण कंपनी म्हणाली, गवंड्याचा माल कच्चा. चोर तो चोर, वर शिरजोर! भेग सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी उतरलेली, वर रुंद आणि खाली बारीक. कोपऱ्याचा पाया खचला की अशीच भेग पडते, हे त्या भागातल्या कुठल्याही गवंड्याने डोळे मिटून सांगितलं असतं. लवादाने दहा मिनिटं त्या भिंतीपुढे उभं राहावं, एवढंच वेल्डनचं मागणं होतं. निकाल विरुद्ध गेला तर भिंत पाडली जाणार होती, आणि मग त्या मुलखात त्याला धुराडंसुद्धा कुणी बांधू दिलं नसतं.

त्याची वकील कार्मेन इबारा गावातलीच. मार्चमध्ये तिने त्याला धीर दिला होता.

"करारात लिहिलंय की भांडण न्यू जर्सीत मिटवायचं. पण घाबरू नका, मिस्टर वेल्डन. इमारत टेक्सासात, तर भांडणही टेक्सासात. ते कलम झुगारायचा हक्क कायद्याने दिलाय तुम्हाला. फक्त 'नको' असं आपण कळवायचं. मधे तुम्ही कुणाशी काही बोलला नाहीत ना?"

"त्यांच्या ऑफिसातल्या एका पोरीचा फोन आला होता. गोड होती बिचारी."

"काय म्हणालात तिला?"

"काही नाही."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या हिशेबी तो खरोखरच काही म्हणाला नव्हता.

"कायदा कलम आपोआप रद्द करत नाही," लवाद आता सांगत होते. "नको म्हणायचा अधिकार तुमचा होता. भांडण उभं राहिल्यावर तुम्ही हो म्हणालात. सुनावणी इथेच होईल."

कार्मेन उठून दहा मिनिटं भांडली. दगडावर डोकं आपटल्यासारखंच झालं. मग फोटो आले. फोटोत ती भेग केसाएवढी दिसत होती.

"माझी दोन बोटं जातात हो तिच्यात!" वेल्डनने बोटं वर केली.

"तुमची बोटं पुराव्यात नाहीत," वकील म्हणाला आणि स्वतःच हसला. वेल्डनला शिसारी आली. भर उन्हात भिंतीपुढे उभं राहून कुणी शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं, पण इथे त्याला पेपरमिंटच्या वासात गुळगुळीतपणे मारत होते.

दुपारी एक तरुण मुलगी सँडविचचा ट्रे घेऊन आली. "कॉफी घेणार, मिस्टर हृश्का?"

आवाज फोनवरचाच. वेल्डनचे ओठ सवयीने उघडले.

"म्हणा की, म्हणा," वकील म्हणाला. "आता टेप बंद आहे."

मुलगी गोरीमोरी झाली. बिचारीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वेल्डनने मान हलवून कॉफी नाकारली. त्या लोकांच्या हातचं पाणीसुद्धा त्याच्या घशाखाली उतरलं नसतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. दोष गवंड्याचा, भिंत पाडावी.

पाडायच्या दिवशी सकाळी वेल्डन स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेला आणि तारेच्या कुंपणाशी उभा राहिला. यंत्राने तीन दणके दिले तरी भिंत हलली नाही. चौथ्याला गेली, तीसुद्धा मोठाल्या तुकड्यांत. कच्च्या मालाचा भुगा होतो, तुकडे पडत नाहीत. धूळ बसली. मग खोदणाऱ्यांनी कोपरा उघडा केला. काँक्रीटचा पाया मधोमध तडकून एका अंगाला चांगला वीतभर खाली गेला होता.

ग्रंथपाल मिसेस प्रुइट शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं.

"अगं बाई! पायाच खचलाय की हो, मिस्टर वेल्डन! म्हणजे तुमची भिंत पहिल्यापासून चांगलीच होती?"

वर्षभर याच प्रश्नाची तो वाट पाहत होता. उत्तर दोन शब्दांचं होतं, आणि या खेपेला त्यांचा अर्थही 'हो' असाच होता.

त्याचे ओठ उघडले आणि मिटले. त्या शब्दांऐवजी त्याने डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मिसेस प्रुइट आत जाईपर्यंत तसाच उभा राहिला.