पहिल्या घावाचा मान

"सोडू नगं, ज्ञानू. डोक्यात हान," सावळाराम मागून ओरडला. ज्ञानूची कुऱ्हाड रानडुकराच्या कपाळात बसली. डुक्कर गुडघ्यांवर आलं, तरी रेटा देत होतं. मग बाकीच्यांच्या काठ्या पडल्या. ते मरून गेलं तरी ज्ञानूचा हात थांबेना. प्रत्येक घावाला तो म्हणत होता, "माझ्या बायकूला धरतोस व्हय?"

गुंजवण्याच्या वरच्या धनगरवाड्यात त्याच्या रत्नाला स्वाइन फ्लू झाला होता. वेल्ह्याहून अश्विनी नर्सबाई येऊन गोळ्या देऊन गेल्या होत्या. "डुकराचा काही दोष नाही. हा माणसाच्या खोकल्यातनं पसरतो. तोंडाला फडकं लावा, तिचा तांब्या वेगळा ठेवा. आणि दम लागला तर तडक भोरला न्या," त्यांनी बजावलं होतं. ज्ञानूनं मान डोलावली. पण ताप यायच्या आदल्या दिवशी डुकरानं परसातली रताळी उकरलेली त्यानं स्वतः पाहिली होती. आपल्या डोळ्यांपुढं नर्सबाईंचं काय चालणार?

सकाळी रत्ना भिंतीला टेकून बसली होती. "आज नगा जाऊ. दम लागतुया," ती म्हणाली.

"रोगाचं मूळच तोडून येतो," असं म्हणून हा शहाणा सावळारामच्या जीपमध्ये चढला. वाड्यावर गाडी तेवढी एकच.

रानात सगळ्यांना धाप लागली. एकच तांब्या सगळ्यांच्या तोंडाला लागला, एकच विडी फिरली. सावळाराम सकाळपासून खोकत होता, पण डुक्कर मारायला निघालेल्या गड्यांना खोकल्याची कसली आलीय भीती.

जीप परतली तेव्हा ज्ञानूची आई कमळाबाई रत्नाचं डोकं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. रत्नाचे ओठ निळे पडले होते.

"कवाची वाट बघतीया," कमळाबाई म्हणाली. "तुजा मोबाईल लावला, तर त्यो हितंच वाजला."

चौघांनी जीपमधलं डुक्कर ओढून खाली टाकलं. रक्तावर घोंगडी अंथरून रत्नाला निजवलं. मार्गासनी ओलांडल्यावर तिनं ज्ञानूचं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. मग बोटं सैल पडली. भोरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि, "फार उशीर केलात," एवढंच म्हणाले.

तिला अग्नी देऊन ज्ञानू घरी आला. दारात डुकराचं मुंडकं ठेवलेलं होतं. पहिला घाव घालणाऱ्याचा तो मान, वाड्यानं चुकवला नव्हता. ज्ञानूनं कुऱ्हाड उचलली आणि त्याचा चेंदामेंदा होईपर्यंत घाव घातले. कुणी अडवलं नाही. शेवटी कुऱ्हाड त्याच्या हातून गळली आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

कमळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं पुढं झाली. ज्ञानूनं वलणीवरची रत्नाची साडी ओढून तोंडाला लावली आणि दुसऱ्या हातानं आईला लांबच थांबायची खूण केली.